वही भरते, विद्या कुठे राहते?

परीक्षा जवळ आली की महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्स दुकानांवर गर्दी उसळते. एखाद्या हुशार विद्यार्थ्याची वही शंभर हातांत जाते, आणि वही हाती आली म्हणजे विषयही हाती आला, असे समाधान शंभर जणांना लाभते. आता तर तेवढेही कष्ट उरलेले नाहीत. फळ्याचे छायाचित्र मोबाइलवर टिपले की काम भागते. टिपणांचा साठा असा वाढत असताना, परीक्षा संपून महिना उलटल्यावर त्यातले डोक्यात किती शिल्लक राहते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

विस्मरणाचा हिशेब प्रथम काटेकोरपणे मांडला तो हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने, १८८५ साली. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या त्याने स्वतः पाठ केल्या आणि काही काळानंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे मोजले. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के होती. एका दिवसानंतर ती ३४ टक्क्यांवर आली आणि महिन्यानंतर २१ टक्क्यांवर. अर्थपूर्ण मजकूर याहून अधिक टिकतो, हे खरे. परंतु बोध तेथेही लागू पडतो. विस्मरणाचा मोठा घाला पहिल्या काही तासांतच पडतो. जूनमध्ये लिहिलेली वही मार्चमध्ये प्रथमच उघडणारा विद्यार्थी उजळणी करीत नसतो. तो बराचसा विषय नव्याने शिकत असतो.

यावर उपाय म्हणून वही पुनःपुन्हा वाचून काढण्याचा प्रघात आहे. तो फसवा आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा त्यांनी एकदा वाचून, नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा ८१ विरुद्ध ७५ टक्के असा पुढे होता. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले: दोनदा वाचलेल्या उताऱ्यातले ४२ टक्के आठवले, आठवून लिहिलेल्या उताऱ्यातले ५६ टक्के. ओळखीचा मजकूर डोळ्यांखालून गेला की तो येत असल्याचा भास होतो. वही मिटल्यावरच खरे काय ते कळते.

कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी पुरस्कारलेली आणि १९६२ च्या त्यांच्या पुस्तकाने दूरवर पोहोचलेली टिपणपद्धत याच तत्त्वावर उभी आहे. पानावर उभी रेघ मारून उजवीकडे रुंद आणि डावीकडे अरुंद रकाना करावयाचा. तासाला टिपणे उजवीकडे लिहावयाची; तास संपल्यावर लवकरच डावीकडे त्यांवरचे प्रश्न आणि खुणेचे शब्द, आणि तळाशी दोन-तीन ओळींत सारांश. मग उजवा भाग झाकून डाव्या प्रश्नांची उत्तरे स्वतःशी द्यावयाची. यासाठी साधी वही आणि पट्टी पुरते.

कार्यालयात टिप्पणी लिहिणाऱ्या लिपिकाला यातले मर्म चटकन उमगेल. जाड फाइलचे सार अर्ध्या पानात मांडावयाचे तर प्रकरण आधी समजावे लागते. काय घ्यावे आणि काय गाळावे, हा निर्णय घेतानाच प्रकरण डोक्यात बसते. उसन्या वहीत हा निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो. विभागीय परीक्षेसाठी नियमपुस्तिकांची पारायणे करणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावयास हवे.

तथापि सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वर्गात टिपणे सांगून उतरवून घेण्याची प्रथा आपल्याकडे खोल रुजलेली आहे. भरगच्च वर्ग, अपुरी ग्रंथालये आणि अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई ही तिची कारणे आहेत. मराठी माध्यमातून येऊन अकरावीला विज्ञान शाखेत इंग्रजीला सामोरा जाणारा मुलगा तर कित्येकदा अर्थ न कळताच शब्द उतरवीत असतो. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले कोणी नसेल, तर त्याची वही हाच त्याचा एकमेव आधार असतो. अशा मुलाने संज्ञा इंग्रजीत ठेवून स्पष्टीकरण मराठीत लिहिले, तर त्यात कमीपणा कसला? समजून लिहिलेले मराठी वाक्य न समजलेल्या इंग्रजी परिच्छेदापेक्षा अधिक काळ साथ देईल. ही मुभा मात्र शिक्षकांनी त्याला उघडपणे दिली पाहिजे.

शिक्षकांच्या हाती आणखीही एक गोष्ट आहे. तासाची अखेरची पाच मिनिटे सांगणे थांबवावे. वह्या मिटावयास लावून, आज काय शिकलो ते कोऱ्या कागदावर लिहिण्यास सांगावे. दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना कालच्या भागावर दोन प्रश्न विचारावे, आणि आठवड्याच्या अखेरीस पुन्हा दोन. याला गुण नकोत, शेरे नकोत, वरून परिपत्रक येण्याची वाटही पाहावयास नको. एवढ्याने अभ्यासक्रम मागे पडेल, ही भीती रास्त वाटते. परंतु सांगून संपवलेला आणि आठवड्यात विसरला गेलेला अभ्यासक्रम पुरा झाला असे मानणे ही केवळ कागदोपत्री नोंद होय.