टीव्हीखालचं खोकं आणि मालकीचा प्रश्न
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कळंबच्या बाजारात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीनंतर एक दिवस जवळच्या खेड्यातले एक शेतकरी गृहस्थ मुलाला घेऊन दुकानात आले. मुलानं दहावीला चांगले मार्क मिळवले होते. तेव्हा दिलेला शब्द वडिलांनी सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर पाळला आणि पुण्याहून टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र आणलं. मुलाच्या मित्रानं आपली एक सीडी खेळायला दिली होती. यंत्र टेबलावर ठेवून वडील म्हणाले, "भाऊ, ह्याला सीडी घालायला फटच न्हाई. कंपनी बसवायची इसरली का काय?"

मी सांगितलं, "काका, विसरली नाही. हे यंत्र असंच आहे. ह्यात गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "म्हंजे मित्राची सीडी ह्याला चालायची न्हाई? आन् पोराचं खेळून झाल्यावर गेम इकायचा म्हटला, तर इकता येतो का?"

दोन्हींचं उत्तर 'नाही' असं होतं. पण ह्याच दोन प्रश्नांनी 2013 साली जगातल्या एका बलाढ्य कंपनीला आपला बेत महिन्याभराच्या आत मागे घ्यायला लावला होता. ती हकिगत आज सांगतो. ती फक्त खेळण्याची नाही. आपण पैसे मोजून जे घेतो ते आपलं होतं का, ह्याची आहे.

आधी ह्या यंत्राविषयी थोडंसं. त्याला कन्सोल म्हणतात. एका अर्थानं तो संगणकच, पण पडदा म्हणून घरचा टीव्ही वापरतो आणि हातात कीबोर्डऐवजी रिमोट असतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॅसेट घालून खेळायचे टीव्ही गेम आले. पुढे सोनी कंपनीचं प्लेस्टेशन 2 आलं. हे यंत्र जगात 15 कोटींहून अधिक विकलं गेलं. 2000 साली ते बाजारात आलं तेव्हा त्यात गेमबरोबर सिनेमाची डीव्हीडीही चालत असे. मागच्या बाजूला पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरी. त्या आपल्या जाड पाठीच्या जुन्या टीव्हीत सरळ बसत.

तालुक्याच्या गावांत गेम पार्लर चालायची ती ह्याच यंत्रावर. मीही दुकानाच्या मागच्या खोलीत दोन टीव्ही मांडून काही वर्षं पार्लर चालवलं. तासाला दहा रुपये. यंत्र घरी घेण्याची ऐपत शंभरात एकाची, पण खेळणारी पोरं शंभर. एकानं घेतलेली सीडी दहा घरांत फिरायची. कंटाळा आला की अर्ध्या किमतीत विकायची, त्यात भर घालून दुसरी घ्यायची. महाग करमणूक आपल्या आवाक्यात आली ती ह्या देवाणघेवाणीमुळे.

गेम बनवणाऱ्यांना मात्र हेच खुपत होतं, आणि त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. एक गेम तयार करायला शेकडो माणसं, काही वर्षं आणि अफाट पैसा लागतो. जुनी सीडी पुन्हा विकली गेली की त्यातला एक पैसाही बनवणाऱ्याला मिळत नाही. त्यात नकली सीड्यांचा सुळसुळाट. गेम इंटरनेटवरून विकला, तर छपाई नको, वाहतूक नको, मधला व्यापारी नको आणि नकलेची भीतीही कमी.

ह्या पार्श्वभूमीवर 21 मे 2013 रोजी अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट कंपनीनं 'एक्सबॉक्स वन' हे यंत्र जाहीर केलं. त्या कार्यक्रमात खेळापेक्षा टीव्हीचंच कौतुक जास्त झालं. सेट टॉप बॉक्सची वायर ह्या यंत्रात घालायची, यंत्राची वायर टीव्हीत. मग नुसतं तोंडानं सांगितलं की चॅनल लागणार. हालचाल आणि आवाज टिपणारा 'किनेक्ट' नावाचा कॅमेरा सोबत घ्यावाच लागणार होता.

खरा वाद उठला तो अटींवरून. गेम सीडीवर घेतला तरी तो यंत्रात उतरवून तुमच्या नावे नोंदवला जाणार. यंत्रानं दर 24 तासांत एकदा इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावायची. ती लागली नाही तर गेम बंद. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला गेम खेळत असाल, तर हजेरी दर तासाला. गेम भेट द्यायचा असेल, तर तो एकदाच आणि मित्रयादीत किमान 30 दिवस असलेल्या माणसालाच. जुना गेम विकू द्यायचा की नाही, हे गेम काढणारी कंपनी ठरवणार.

ही हजेरी आपल्या जिल्ह्यात लावून पाहू. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. टेलिफोनची केबल कुठं खोदकामात तुटली, तर चार-चार दिवस नेट नसायचं. म्हणजे पैसे मोजून घेतलेला गेम घरात असूनही चार दिवस बंद. आता गेम उतरवण्याचं गणित करू. मोठा गेम 50 जीबीचा धरा. एका बाइटचे आठ बिट, म्हणून ते झाले सुमारे 4 लाख मेगाबिट. नेटचा वेग सेकंदाला 2 मेगाबिट असेल, तर 2 लाख सेकंद लागतील, म्हणजे साडेपंचावन्न तास. दोन दिवस, दोन रात्री आणि वर सात-साडेसात तास, तेही वीज एकदाही न जाता! सीडी मात्र पुण्याच्या गाडीनं सकाळी निघाली तर संध्याकाळी हातात.

टीव्हीच्या सोयीचंही तसंच. केबलचं डिजिटल रूपांतर आपल्याकडे टप्प्याटप्प्यानं झालं. महानगरांत 2012 साली आणि ग्रामीण भागासाठीची शेवटची मुदत होती 31 मार्च 2017. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक सेट टॉप बॉक्सना त्याच तीन रंगीत वायरी. एक्सबॉक्स वनला लागायची एचडीएमआय वायर. जुन्या जाड टीव्हीला तर ते थेट जोडताच येत नव्हतं. ज्या सोयीचा एवढा गाजावाजा, ती आपल्याकडच्या बऱ्याच घरांत पोहोचणारच नव्हती.

आपल्याकडेच कशाला, अमेरिकेतले ग्राहकही खवळले. जिथं इंटरनेट नाही तिथल्या लोकांनी काय करायचं, असं विचारल्यावर कंपनीच्या ह्या विभागाचे प्रमुख डॉन मॅट्रिक ह्यांनी, त्यांच्यासाठी जुनं एक्सबॉक्स 360 आहेच, अशा अर्थाचं उत्तर दिलं. दुकानदार म्हणून सांगतो, गिऱ्हाइकाला 'हा माल तुमच्यासाठी नाही' असं एकदा म्हटलं की ते पुन्हा पायरी चढत नाही.

10 जून 2013 रोजी सोनीनं आपल्या प्लेस्टेशन 4 ची किंमत जाहीर केली, 399 डॉलर. एक्सबॉक्स वनची होती 499. सोनीनं एक चिमुकली चित्रफीतही काढली. आपला गेम मित्राला कसा द्यायचा, ह्याची ती रीत. एक माणूस सीडीची डबी दुसऱ्याच्या हातात देतो आणि चित्रफीत संपते! 19 जूनला मायक्रोसॉफ्टनं हजेरीची आणि फेरविक्रीची सगळी बंधनं मागे घेतली. 1 जुलैला मॅट्रिक दुसऱ्या कंपनीत गेल्याचं जाहीर झालं. पुढच्या वर्षी कॅमेऱ्याची सक्तीही गेली आणि किंमत 399 डॉलरवर आली.

भारतात हे यंत्र 23 सप्टेंबर 2014 रोजी आलं, कॅमेऱ्याशिवाय 39,990 रुपयांना. पण पहिल्यांदा बसलेला शिक्का पुसता आला नाही. प्लेस्टेशन 4 ची विक्री 11 कोटींच्या पुढे गेली. आपल्या यंत्राच्या दुपटीहून अधिक प्लेस्टेशन 4 विकली गेली, हे 2022 साली खुद्द मायक्रोसॉफ्टनं ब्राझीलमधल्या सरकारी कागदपत्रांत मान्य केलं. टीव्हीची वायर घालायची ती खाच पुढच्या, 2020 सालच्या यंत्रात उरलीच नाही.

इथवर ऐकून वाटेल की ग्राहक जिंकला. पण गोष्ट एवढी सरळ नाही. 2013 च्या त्या बेतात एक चांगली सोयही होती. घरातल्या दहा जणांपर्यंत एकमेकांचे गेम खेळायला मिळणार होते, तेही सीडीशिवाय. बंधनं गेली तशी ती सोयही गेली. आणि इंटरनेटवरून गेम घेण्याचे फायदे आहेतच. सीडीला चरे पडतात, ती हरवते. आमच्यासारख्या गावांत नवी सीडी मिळायची नाही, त्यासाठी पुणं गाठावं लागे. 2016 नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, गावोगावी फायबर आलं. सेकंदाला 100 मेगाबिटचा वेग असेल, तर तोच 50 जीबीचा गेम सव्वा तासाच्या आत उतरतो.

म्हणून जे 2013 साली सक्तीनं जमलं नाही, ते पुढे सवलतीनं जमलं. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आलं तेव्हा सीडीचं यंत्र 49,990 रुपयांना आणि बिनसीडीचं 39,990 ला होतं. दहा हजार वाचतात म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पण ते दहा हजार आपण कशाच्या बदल्यात वाचवले? सीडी उसनी घेण्याच्या, जुनी विकत घेण्याच्या आणि आपली विकण्याच्या हक्काच्या बदल्यात. शिवाय दुकान एकच उरतं, कंपनीचं. भाव करायला दुसरीकडे जाता येत नाही.

तेही दुकान कायमचं नसतं. निन्टेंडो कंपनीनं आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं 27 मार्च 2023 रोजी बंद केली. एक्सबॉक्स 360 चं दुकान 29 जुलै 2024 रोजी बंद झालं. 'द क्रू' नावाच्या मोटारशर्यतीच्या गेमचं केंद्र 31 मार्च 2024 रोजी बंद झालं, तेव्हा ज्यांच्याकडे सीडी होती त्यांचाही गेम बंद पडला. म्हणजे सीडी हातात असणं हीसुद्धा पुरती हमी नाही.

कारण अशा व्यवहारात आपल्याला वस्तू मिळत नाही, वापरण्याचा परवाना मिळतो. शेत विकत घेणं आणि बटईनं करणं ह्यात जो फरक, तोच इथं. बटई वाईट नसते, पण ती बटई आहे हे आधी ठाऊक हवं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं 1 जानेवारी 2025 पासून कायदाच केला. डिजिटल माल 'विकत घ्या' म्हणून विकायचा, तर हा फक्त परवाना आहे हे ठळकपणे सांगितलं पाहिजे. आपल्याकडे 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या डिजिटल मालाचा समावेश आहे. फसवणूक झाली असं वाटलं, तर 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं, जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं.

घरात असं यंत्र घेण्यापूर्वी दुकानदाराला चार गोष्टी विचारा. सीडी चालते का? नेट नसताना गेम चालतो का? घरातल्या दुसऱ्या कुणाला तो खेळता येतो का? आणि पाच वर्षांत गेमवर एकूण किती खर्च होईल? पाच-सहा गेम जुन्या सीडीवर घेतले, तरी वाचवलेले दहा हजार कुठं गेले ते कळतं.

त्या गृहस्थांचं यंत्र मी टीव्हीला जोडून दिलं, नेट लावून दिलं. मुलगा हरखला. निघताना वडील पोराला म्हणाले, "ती सीडी जपून न्हे, मित्राला परत दे. त्याची हाय ती."

खरंच होतं. त्या टेबलावर मालकीची म्हणावी अशी ती एकच वस्तू होती.