विजेच्या वाटेला वाली कोण?

राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महापारेषण ही स्वतंत्र कंपनी जून २००५ मध्ये अस्तित्वात आली, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. या काळात महानिर्मितीच्या कोळशावर आणि महावितरणच्या दरवाढीवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. पारेषणाचा विषय मात्र दिवे गेले की दोन दिवस निघतो आणि मग विरून जातो. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या ऐन लाटेत रुग्णालयांना जनरेटरवर विसंबावे लागले. त्या दिवशी राज्यात विजेची टंचाई नव्हती. टाळेबंदीमुळे मागणी नेहमीपेक्षा कमीच होती. वीज होती, ती शहरात आणायला पुरेशा वाटा नव्हत्या. हे का झाले याचे उत्तर त्या एका सकाळीत शोधून मिळत नाही. त्यासाठी आधीचे दशक तपासावे लागते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला आली, पुढे कोयना आली, चंद्रपूरची औष्णिक वीज थेट कोकणपट्टीच्या तोंडाशी आणणारी चंद्रपूर-पडघे ही दीड हजार मेगावॉटची एचव्हीडीसी (उच्चदाब एकदिश प्रवाहाची) वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. पूर्वेला कोळसा आणि पश्चिमेला मागणी ही राज्याची रचना तेव्हापासून बदललेली नाही. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे सर्वांच्या लक्षात आहेत. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसे, पुण्यात उद्योगांचे स्वतःचे जनरेटर चालवून आणि ग्राहकांकडून अधिभार घेऊन शहर भारनियमनमुक्त ठेवण्याचा प्रयोग झाला. या वर्षांनी आपल्याला एक सवय लावली. विजेचा प्रश्न म्हणजे मेगावॉटचा प्रश्न, असे राज्यकर्त्यांपासून ग्राहक संघटनांपर्यंत सगळे मानू लागले.

त्यानंतर आलेले दशक मात्र थांबून पाहावे असे आहे. २०१० नंतर खासगी प्रकल्प धडाधड उभे राहिले. तिरोड्याचा एकट्याचा ३,३०० मेगावॉटचा होता. त्याची वीज बाहेर काढण्यासाठी तिरोड्याहून कोराडी आणि अकोल्यावरून औरंगाबादपर्यंत ७६५ केव्हीची वाहिनीही झाली. म्हणजे या राज्याला मोठ्या वाहिन्या बांधता येतात. पण त्या कुठल्या वाहिन्या, हे पाहा. ज्या वाहिनीमागे वीज विकायला आतुर असलेला उत्पादक उभा असतो, ती होते. एखादी वाहिनी बंद पडल्यावर दुसरीने भार पेलावा एवढ्यासाठीच जी बांधायची असते, तिच्यासाठी मंत्रालयात फेऱ्या मारणारा कुणी नसतो. मुंबईत ४०० केव्हीची वाहिनी नेण्याची खारघर-विक्रोळी योजना याच दशकाच्या सुरुवातीला कागदावर आली होती. जागा, मार्ग आणि परवानग्या यांत ती वर्षानुवर्षे रखडली, अखेर नव्याने बोली मागवून २०१९ मध्ये दुसऱ्या हाती गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाली. शहरात सुमारे एक हजार मेगावॉट जास्तीची वीज आणणारी ही वाहिनी २०२० च्या त्या सकाळी अस्तित्वात नव्हती.

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताची ग्रिड कोसळली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासह पूर्व आणि ईशान्येच्या ग्रिडही गेल्या. सुरुवात झाली ती बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या मार्गावर. तिथली एक वाहिनी दर्जावाढीच्या कामासाठी बंद होती, दुसरीवर भार वाढत गेला आणि तिच्यात बिघाड नसतानाही संरक्षक यंत्रणेने ती तोडली. पश्चिम विभाग तेव्हा वाचला आणि आपण निर्धास्त झालो. पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबरला, रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली जाऊन दक्षिणही राष्ट्रीय ग्रिडला मिळाली. ही थोर कामगिरी होती. पण देश एका फ्रिक्वेन्सीवर चालू लागला म्हणून मुंबईच्या वेशीवरच्या अरुंद वाटा रुंद होत नाहीत. २०१२ नंतर आठ वर्षांनी तोच क्रम इथे घडला. ४०० केव्हीची एक वाहिनी आधीच बंद होती, पहाटेपासून आणखी ट्रिप होत गेल्या, आणि दहाच्या सुमारास कळवा-पडघे मार्गावर उरलेला आधारही गेला. मुंबईला वाचवण्यासाठी १९८१ पासून असलेली आयलँडिंगची व्यवस्थाही टिकली नाही. शहर ग्रिडपासून तोडून स्थानिक विजेवर चालवायचे, तर त्या क्षणी शहरातली निर्मिती आणि चालू ठेवलेला भार यांचा मेळ बसावा लागतो. काही सेकंदांत पुरेसे फीडर सुटले नाहीत, तर फ्रिक्वेन्सी घसरते आणि ट्रॉम्बे-डहाणूचे संच स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात. बाहेरून स्वस्त वीज येते म्हणून शहरातले संच कमी चालवायचे, तर हा मेळ आणखी अवघड होतो. तो हिशेब दर महिन्याला ताजा करावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा की हा घातपात होता. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर हल्ल्याचा संशय बोलून दाखवला, तर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक म्हटले. वाद रंगला आणि मूळ प्रश्न बाजूला पडला. हल्ला असो वा चूक, एन मायनस वन हा नियोजनाचा पहिला निकष पाळला जात असता, म्हणजे कुठलाही एक घटक गेला तरी पुरवठा टिकेल एवढी सोय असती आणि देखभालीसाठी वाहिनी बंद ठेवण्याची मुभा त्या बेताने दिली असती, तर एवढे शहर गेले नसते. दुसरा आक्षेप खर्चाचा. क्वचित लागणाऱ्या वाहिनीचा बोजा ग्राहकाने का सोसावा? तो बोजा आहे, हे मान्य. पण याच राज्यात न चालणाऱ्या निर्मिती संचांचा स्थिर आकार ग्राहक वर्षानुवर्षे भरत आला. बिलात पारेषणाचा वाटा वीजखरेदीच्या मानाने लहान असतो. रिकाम्या संचाचे पैसे निमूट द्यायचे आणि राखीव वाहिनीच्या वेळी हात आखडायचा, हा हिशेब मला पटत नाही.

तिसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे. वाहिनी कुणाच्या तरी शेतातून, कांदळवनातून, जंगलातून जाते. गोव्यात स्वतःची निर्मिती नावापुरती, सगळी मदार बाहेरून येणाऱ्या वाहिन्यांवर, तरीही तमनार पारेषण प्रकल्पासाठी मोले परिसरातली झाडे तोडायला लोकांनी कडवा विरोध केला, आणि तो रास्त होता. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने २०२१ मध्ये नवा पट्टा न तोडता जुन्या वाहिनीचाच मार्ग वापरावा, असे सुचवले. म्हणजे दुसरी वाट होती, ती आधी शोधली गेली नव्हती. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की जागा निवडायला सवड राहत नाही. भरपाई ठरवणे, भूमिगत केबलचा खर्च तपासणे, गावाशी बोलणे याला वर्षे लागतात, आणि म्हणूनच आराखडा दहा वर्षे आधी हवा.

ऑक्टोबर २०२० नंतर मुंबईच्या वाहिन्यांना गती आली. आरे-कुडूस या एक हजार मेगावॉटच्या एचव्हीडीसी योजनेला २०२१ मध्ये नियामक आयोगाची मान्यता मिळाली. तरीही २०२२ च्या फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये मुंबई परिसरात पुन्हा वीज गेली. आता सगळा भर सौरऊर्जेवर आहे आणि पुन्हा तेच, येरे माझ्या मागल्या. कृषी वाहिन्या सौरऊर्जेवर आणायची योजना स्वागतार्ह आहे, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे. पण सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो आणि अतिउच्चदाब वाहिनीला त्याच्या दुप्पट वेळ सहज लागतो. दुपारी ग्रामीण उपकेंद्रातून वीज उलटी वर चढेल, संध्याकाळी तीच उपकेंद्रे सगळा भार चंद्रपूर-कोयनेकडून मागतील. घोषणांमध्ये मेगावॉटचे आकडे ठळक असतात. कुठल्या उपकेंद्रात कोणते रोहित्र कधी बसणार आणि एक वाहिनी बंद असताना शेजारची किती भरणार, हे त्यांत नसते. महावितरणच्या दरवाढीवर नियामक आयोगापुढे हरकतींचा ढीग लागतो. ग्राहक संघटनांनी आणि उद्योगांनी तेवढ्याच संख्येने पारेषण आराखड्यावर हरकती नोंदवाव्यात, आणि रखडलेल्या प्रत्येक वाहिनीची मूळ तारीख, नवी तारीख आणि विलंबाचे कारण लेखी मागावे.