कडुनिंबाचे वय किती?

समजा, उमरीतला एखादा रस्ता रुंद करायचा आहे आणि त्याच्या कडेला एक मोठा कडुनिंब उभा आहे. झाड तोडायचे की ठेवायचे, हे ठरवताना नगरपरिषदेला एक आकडा हवा असतो, आणि तो म्हणजे झाडाचे वय. माणसाच्या वयासाठी जन्माचा दाखला असतो. बैलाचे वय जाणता शेतकरी दात पाहून सांगतो. कडुनिंबाचे कसे सांगायचे?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही, त्यावर बरेच काही अवलंबून आहे. शहरांतील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ साली एक कायदा झाला. त्याचे नाव लांबलचक आहे : महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. महानगरपालिकांप्रमाणेच नगरपरिषदांनाही तो लागू आहे. त्यानुसार गावात वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असतो, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि तोडायचे असल्यास त्या झाडावरच नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. दर पाच वर्षांनी गावातल्या झाडांची गणनाही करायची असते. या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि झाडाच्या वयाला एकदम महत्त्व आले. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड आता ‘प्राचीन वृक्ष’ मानले जाते. शिवाय जे झाड तोडायचे, त्याचे जितके वय तितकी नवी झाडे लावायची, ती रोपे सहा ते आठ फूट उंचीची असावीत आणि सात वर्षे जगवावीत, असेही ठरले. म्हणजे ४९ आणि ५० यांत फरक एका वर्षाचाच, पण झाडाच्या दृष्टीने तो फार मोठा.

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? पाठ्यपुस्तकात तर आहे की खोडातली वलये मोजावीत! खरे आहे, पण वलये पडतात ती वाढ मध्येच थांबते म्हणून. थंड प्रदेशातले झाड हिवाळ्यात वाढायचे थांबते, वसंतात पुन्हा वाढू लागते आणि त्या थांब्याची रेघ लाकडात उमटते. आपल्याकडे असा थांबा स्पष्टपणे घेणारे झाड म्हणजे सागवान. मुदखेड स्टेशनातून एक लोहमार्ग उमरी-धर्माबादकडे जातो आणि दुसरा किनवटकडे. त्या किनवटच्या जंगलातला साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो. पावसाळा लागला की नव्या लाकडात आधी मोठमोठ्या छिद्रांची एक रांग तयार होते, आणि ती रांग म्हणजेच वर्षाची खूण. सागाची ही वलये इतकी भरवशाची आहेत, की पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांवरून जुन्या काळातल्या पावसाचा अभ्यास केला आहे.

कडुनिंबाची गोष्ट वेगळी. त्याची वलये अंधुक असतात, कुठे दिसतात, कुठे विरून जातात, आणि एका वर्षात एकच वलय पडेल याची खात्री नसते. वडाच्या बाबतीत तर वलयांचा विचारच सोडलेला बरा. आणि समजा वलये स्पष्ट असली, तरी ती मोजायला झाड आडवे पाडावे लागेल, म्हणजे ज्याला वाचवायचे की नाही हे ठरवायचे तेच आधी गेले! पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढण्याची पद्धत आहे, तिने झाड मरत नाही. परंतु म्हाताऱ्या झाडाचा गाभा बऱ्याचदा पोकळ झालेला असतो आणि जन्माच्या वर्षांचा हिशेब त्या पोकळीतच हरवलेला असतो.

तेव्हा उरतो घेर. जमिनीपासून १ मीटर ३७ सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे साधारण मोठ्या माणसाच्या छातीशी, खोडाभोवती टेप गुंडाळायचा. आपल्या कडुनिंबाचा घेर १८८ सेंटिमीटर भरला असे धरू. पाय (३.१४) ने भागले की व्यास ६० सेंटिमीटर. आता हा घेर दरवर्षी किती वाढतो हे कळले, की साधा भागाकार उरला.

खरी गोम इथेच आहे. अॅलन मिचेल नावाच्या ब्रिटिश वृक्षतज्ज्ञाने मोकळ्या जागेतल्या झाडांसाठी एक ठोकताळा दिला आहे : वर्षाला एक इंच, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर. त्याने भागले तर आपल्या झाडाचे वय ७५ येते. पण तो ठोकताळा इंग्लंडातला. आपला कडुनिंब एखाद्या वाहत्या गटाराशेजारी असेल आणि वर्षाला ४ सेंटिमीटर वाढत असेल, तर उत्तर येते ४७! एका हिशेबाने झाड प्राचीन, दुसऱ्या हिशेबाने नाही. पाणी न मिळणाऱ्या मुरमाड जागेत तेच झाड आणखी सावकाश वाढेल आणि वय शंभराच्याही पुढे जाईल.

विद्यार्थी प्रयोगवहीत दशांशचिन्हापुढे चार-चार अंक लिहितात तेव्हा मी त्यांना नेहमी विचारतो, की यातले खरे अंक किती? इथेही तेच विचारायला हवे. टेपवर मिलिमीटरच्या रेघा आहेत, म्हणून वयही तितकेच काटेकोर आले असे होत नाही. घेर मोजण्यातली चूक फार तर एका सेंटिमीटरची. वाढीचा वेग धरण्यातली चूक मात्र वय पंचवीस-तीस वर्षांनी इकडेतिकडे करते.

मग हा वेग आणायचा कुठून? दुसऱ्या देशातून नको, दुसऱ्या झाडाकडूनही नको, त्याच झाडाकडून घ्यावा. म्हणूनच पाच वर्षांनी होणारी गणना मला महत्त्वाची वाटते. गणना म्हटले की लोकांना एकूण संख्या आठवते. मुंबईत २०१८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे भरली, असा आकडा वाचून आपण ‘अबब’ म्हणतो आणि विसरून जातो. खरे मोल आहे ते प्रत्येक झाडापुढे लिहिलेल्या घेराचे. आपल्या कडुनिंबाचा घेर पहिल्या गणनेत १८८ आणि पाच वर्षांनी २०० भरला, तर वाढ १२ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला २.४. दोन्ही वेळच्या मोजण्यातल्या चुका धरून हा वेग २.० ते २.८ यांच्या दरम्यान असेल. पहिल्या मोजणीच्या वेळचे वय मग ६७ ते ९४ निघते. अर्थात झाड लहानपणी भराभर वाढते. पहिली वीस वर्षे ४ सेंटिमीटरचा वेग धरला तर त्यात ८० सेंटिमीटर झाले, उरलेले १०८ सेंटिमीटर २.४ च्या वेगाने ४५ वर्षांत. एकूण ६५. कसेही धरा, पन्नासच्या वरच. एकाच मोजणीत जे ठरत नव्हते ते दोन मोजण्यांत बरेचसे ठरले.

दुसरी गणना होईपर्यंत थांबायला वेळ नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. मात्र ‘हे झाड किती वर्षांचे?’ असे विचारू नये, उत्तर ‘लई जुने’ असेच येणार. मराठवाड्यात काळाच्या काही पक्क्या खुणा आहेत : १९४८ ची पोलीस कारवाई, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप. ‘बहात्तरच्या दुष्काळात या झाडाखाली गुरे बांधत होता का?’ असे विचारले तर नेमके उत्तर मिळण्याची शक्यता असते, आणि तेव्हा सावली देणारे झाड आज पन्नाशी ओलांडलेले आहे हे उघड आहे. जुने छायाचित्र हाती लागले तर फारच उत्तम.

वडाच्या बाबतीत हे सारे उपाय थिटे पडतात. त्याच्या पारंब्या जमिनीत रुजून खोडे होतात आणि ती मूळ खोडाशी एकजीव होतात, त्यामुळे टेप नेमका कशाभोवती गुंडाळायचा हेच कळत नाही. लातूर-नांदेडवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावापाशी एका प्रचंड वडावरून जाणार होता. २०२० साली लोकांनी आवाज उठवला आणि रस्ता थोडा वळवून वड वाचवण्यात आला. सगळीकडे त्याचे वय चारशे वर्षे असे छापून आले. हा आकडा पिढ्यानपिढ्यांच्या सांगण्यातला, मोजणीतला नव्हे. २०२२ च्या जूनमध्ये तो वड पावसात कोसळला.

आता वयाइतकी रोपे लावली म्हणजे फिटंफाट झाली का, तेही पाहू. झाडाला किती पाने पोसता येतील हे बरेचसे खोडाच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, कारण पाणी त्यातूनच वर जाते. आपल्या कडुनिंबाचा व्यास ६० सेंटिमीटर, आठ फुटी रोपाचा समजा ३. व्यास वीस पट, म्हणून क्षेत्रफळ वीस गुणिले वीस, म्हणजे चारशे पट. म्हाताऱ्या खोडाचा मधला गाभा पाणी वाहत नाही, तेव्हा हा आकडा पुष्कळ खाली आणावा लागेल हे मान्य. पण निम्मा केला तरी दोनशे रोपे होतात, आणि कायदा मागतो ६५. तीही सगळी जगली तर! मराठवाड्यातल्या दोन-तीन उन्हाळ्यांतून पार पडलेले रोप म्हणजे काय, हे पाण्याचे डबे वाहून नेणाऱ्यालाच विचारावे.

तुमच्या शाळेच्या आवारातल्या झाडांचा घेर तुम्हालाही मोजता येईल. टेप नसेल तर न ताणणारी दोरी घ्या, सुतळी नको, ती ओढली की लांबते. जमीन उताराची असेल तर उंची चढाच्या बाजूने मोजा. त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा आला तर किंचित वर किंवा खाली मोजून तसे लिहा. छातीच्या उंचीखालीच खोडाला फाटा फुटला असेल तर दोन्ही फाट्यांचे घेर वेगवेगळे नोंदवा. झाडाला क्रमांक देताना खिळा ठोकू नका, रंगाने लिहा. आणि घेरापुढे तारीख जरूर घाला, नाहीतर पाच वर्षांनी मोजणाऱ्याला त्या आकड्याचा काही उपयोग होणार नाही.