अप्रत्यक्ष धूम्रपान आणि आपली भीड

तंबाखू शरीराला घातक आहे, हे आज शाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. बिडी-सिगारेटच्या पाकिटावर तसा इशारा चित्रासह छापलेला असतो. परंतु ज्याने आयुष्यात एकदाही बिडी ओठाला लावली नाही, त्याच्या छातीतही शेजाऱ्याच्या बिडीचा धूर जातो आणि तो त्यालाही आजारी पाडतो, ही गोष्ट आपण ऐकली असली तरी मनावर घेतलेली नाही. यालाच अप्रत्यक्ष धूम्रपान किंवा पॅसिव्ह स्मोकिंग म्हणतात. त्याचे धोके येथे थोडक्यात सांगूच. पण आम्हाला अधिक बोलायचे आहे ते आपल्या भिडेविषयी. कारण आमच्या मते या धुराचा खरा आधार तंबाखूपेक्षा आपली भीडच आहे.

आपल्या अवतीभोवतीचे चित्र

घरात बारसे आहे. आतल्या खोलीत पाळणा सजला आहे. सोप्यात पाहुणे मंडळी बसली आहेत. चहा होतो आणि एखादे वडीलधारे काका काडी ओढून बिडी पेटवतात. धूर दारातून आत पाळण्यापर्यंत जातो. बाळंतीण तोंडाला पदर लावते, आजी बाळाला कुशीत घेते, पण "काका, जरा अंगणात बसता का?" असे कोणी म्हणत नाही. पाहुण्याला उठवायचे कसे? मोठ्या माणसाला सांगायचे कसे? हातकणंगल्याहून इचलकरंजीला जाणाऱ्या वडापमध्ये कोणी सिगारेट पेटवली, तरी आपण काच खाली करतो आणि तोंड फिरवून बसतो.

आपल्या भागात या मौनाला आणखी एक कारण आहे. निपाणी आणि जयसिंगपूरच्या पेठा तंबाखूच्या व्यापारावर वाढल्या. तंबाखूची शेती, वखार, बिड्या वळणे यांवर अनेक कुटुंबांची चूल पेटली. ज्या पिकाने घर चालवले त्याला नावे ठेवणे माणसाला जड जाते, हे आम्ही समजू शकतो. पण पोट भरणारे पीक वेगळे आणि पाळण्याशेजारी पेटलेली बिडी वेगळी.

धूर कसा बाधतो

बिडी-सिगारेटचा धूर दोन प्रकारचा असतो. एक ओढणारा झुरका घेऊन बाहेर सोडतो तो, आणि दुसरा जळत्या टोकातून आपोआप निघत राहतो तो. या दुसऱ्या धुरात ज्वलन कमी उष्णतेवर आणि अपुरे होते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया यांसारख्या विषारी द्रव्यांचे प्रमाण त्यात अधिक असते. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असून त्यांतील सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. लहान मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो आणि त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात. म्हणून त्यांना न्यूमोनिया, ब्राँकायटिस, दम्याचे झटके आणि कानाचे दुखणे अधिक होते. गर्भवतीच्या अंगात हा धूर गेला तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. प्रौढांमध्ये हृदयविकार व फुप्फुसाचा कर्करोग यांचा धोका साधारण पाव पटीने वाढतो.

हे प्रथम ठळकपणे दाखवले जपानचे डॉ. ताकेशी हिरायामा यांनी. स्वतः धूम्रपान न करणाऱ्या 91,540 विवाहित स्त्रियांची 14 वर्षांची माहिती त्यांनी तपासली आणि 1981 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पती जितका अधिक ओढणारा, तितके पत्नीचे फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण अधिक, असे त्यांना आढळले. तंबाखू कंपन्यांनी या अभ्यासावर खूप टीका केली. पण पुढे इतर देशांतील अभ्यासांनीही तेच सांगितले.

लोक काय म्हणतात

"खिडकी उघडी आहे, धूर निघून जातो." धूर दिसेनासा होतो, पण त्याचे सूक्ष्म कण खोलीत, कपड्यांत, अंथरुणात राहतात. खिडकी किंवा पंखा हा उपाय नव्हे.

"आमचे आजोबा ओढत होते, नव्वद वर्षे जगले." आजोबा जगले हे खरे, पण आजीचा खोकला कोणी मोजला होता काय?

"बिडी तर झाडाच्या पानाची असते." पान तेंदूचे असले तरी आत तंबाखूच आहे. जळणाऱ्या पानाचाही धूर होतोच.

"चुलीचा धूर आहेच की." हे म्हणणे मात्र अर्धे बरोबर आहे. चुलीचा धूरही फुप्फुसाला घातक आहे. म्हणूनच जी माउली वर्षानुवर्षे चुलीपुढे बसली, तिच्या छातीवर बिडीच्या धुराचा दुसरा भार आपण का टाकावा?

आता थोडी आकडेवारी पाहू. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारही नाहीत, 3.8 टक्केच आहेत. तंबाखू मळून वा चघळून खाणारे मात्र 24.4 टक्के आहेत. देशभराचा विचार केला तर ओढणारे 10.7 टक्के, पण घरात या धुराचा संपर्क येणारे 38.7 टक्के होते. यात काही स्वतः ओढणारेही आले. तरी ओढणारा एक आणि धूर घेणारे अनेक, हे स्पष्ट आहे. थोडक्यांच्या सवयीपुढे पुष्कळांनी गप्प बसावे, अशी ही स्थिती आहे. समाधानाची गोष्ट एवढीच, की 2009-10 च्या पाहणीत घरातला हाच आकडा 52.3 टक्के होता. म्हणजे सवय बदलू शकते.

कायद्याची वाटचाल

1989 च्या रेल्वे कायद्यातील कलम 167 विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावे. डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर धूम्रपान करू नये, असे ते सांगते. म्हणजे मिरज-कोल्हापूर गाडीत हातकणंगल्याला चढलेल्या एखाद्या बाईने चार अनोळखी पुरुषांना आधी बोलायचे, मग तिला स्वच्छ हवा मिळायची! भीड ज्याला जास्त, त्याच्या वाट्याला धूर जास्त.

पुढे मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 2 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, सभागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानास बंदी घालण्याचा आदेश दिला. संविधानाच्या कलम 21 ने दिलेला जगण्याचा हक्क हा या आदेशाचा पाया होता. जो ओढत नाही त्याने केवळ सार्वजनिक ठिकाणी यावे लागते म्हणून रोगी का व्हावे, हा न्यायालयाचा रोख होता. त्यानंतर 2003 चा केंद्रीय कायदा आला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नवे नियम लागू झाले. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास 200 रुपयांपर्यंत दंड होतो. आता कोणी हरकत घेण्याची अट राहिली नाही. स्टँड, वडाप, तहसील कचेरी, चहाचे हॉटेल, सर्वत्र हा नियम आहे.

आपण काय करावे

परंतु कायदा आपल्या उंबऱ्यापाशी थांबतो. सोप्यात कोणी पोलीस येणार नाही. तेथे आपला शब्द हाच कायदा. म्हणून आमची सभासदांना विनंती आहे, की घरात, कार्यक्रमाच्या मंडपात आणि गाडीत बिडी-सिगारेट पेटवायची नाही, असा नियम घरातल्या कर्त्या माणसानेच जाहीर करावा. सुनेने किंवा नातवाने बोलण्याची वेळ येऊ नये. बारसे, लग्न, सभा यांत पाहुण्यांना चहाबरोबरच नम्रपणे "ओढायची असेल तर बाहेर जागा केली आहे" असे सांगावे. यात अपमान नाही. चपला बाहेर काढा म्हटल्यावर कोणाचा अपमान होतो काय?

ओढणाऱ्या बांधवांचा आम्ही तिरस्कार करीत नाही. हे व्यसन सुटणे कठीण असते. ज्यांना सोडायचे आहे त्यांनी 1800-11-2356 या सरकारी मोफत दूरध्वनीवर सल्ला घ्यावा. ज्यांचे अजून सुटत नाही त्यांनी निदान कोणी सांगण्याची वाट न पाहता स्वतःहून उठून बाहेर जावे.

आणि विद्यार्थ्यांनो, वडीलधाऱ्यांशी नम्र राहा. पण नम्रता म्हणजे मौन नव्हे. "काका, आत बाळ झोपले आहे," एवढे एक वाक्य पुरेसे आहे. ते पहिल्यांदा उच्चारताना जीभ अडखळेल. दुसऱ्यांदा ते सोपे जाईल. तिसऱ्यांदा ते म्हणण्याची गरजच पडणार नाही, असा आमचा विश्वास आहे.