विडीचे पान आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द

मुंबई-सोलापूर आणि मिरज-लातूर हे लोहमार्ग जेथे मिळतात, त्या कुर्डुवाडी परिसरास विडी परकी नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, सोलापुरात, विड्या वळणे हा हजारो स्त्रियांचा घरगुती रोजगार आहे. तेथील कुंभारीची विडी कामगार महिलांची, २००६ मध्ये घरांचा ताबा मिळालेली, गोदूताई परुळेकर वसाहत सर्वपरिचित आहे.

तरुण विडीकडे का वळतात? ती स्वस्त असते, सुटी मिळते आणि अनेकांनी ती घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती पाहिलेली असते. याशिवाय आणखी एक समर्थन केले जाते: ‘कागद नाही, रसायन नाही; झाडाचे पान आणि तंबाखू एवढेच.’ वैद्यवर्गाने विचार करावा तो या समर्थनाचा. ‘वनस्पतिजन्य, म्हणून निरुपद्रवी’ हा समज आपल्याच औषधांच्या वेष्टनांनी व जाहिरातींनी काही अंशी रुजविला आहे.

वस्तुस्थिती उलट आहे. विडीत तंबाखू सुमारे ०.२ ग्रॅम, म्हणजे सिगारेटपेक्षा पुष्कळच कमी असते. तथापि टेंभुर्णीच्या पानातून हवा फारशी आत येत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार व जोराने घ्यावे लागतात. परिणामी निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांची मात्रा सिगारेटहून कमी राहत नाही. बहुधा अधिकच भरते.

काही जण चरकोक्त धूमपानाचा दाखला देतात. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायातील धूमवर्तीत तंबाखू नाही. ती वनस्पती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. शिवाय त्याच अध्यायात अकाली व अतिमात्र धूमपानाने बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त व शिरोभ्रम होतात, असा इशाराही आहे.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, तर धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. त्यामुळे आपली चौकशी ‘तंबाखू खाता का?’ येथेच थांबते आणि विडी ओढणारा तरुण सहज निसटतो. केसपेपर भरताना विडी, मळलेली तंबाखू, मावा, मशेरी ही नावे घेऊनच विचारावे. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यास १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक द्यावा.

औषधी दुकानदार बंधूंनीही एक पथ्य पाळावे. ‘हर्बल’ धूम्रकांडी तंबाखूविरहित असली, तरी तिच्या ज्वलनातून डांबर व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतातच. व्यसनमुक्तीचा उपाय म्हणून ती ग्राहकाच्या हाती देऊ नये. बचनागही नैसर्गिकच आहे. परंतु शोधनावाचून तो आपण कोणास देत नाही.