ताटावर बसण्यापूर्वी

श्रोतेहो, घासाआधी हात जोडण्याचा परिपाठ आपल्या मराठी घरांना नवा नाही. कोणी समर्थ रामदासांच्या नावाने प्रसिद्ध असलेला भोजनश्लोक म्हणतो, कोणी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालतो. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या घरी जेवणाआधी व जेवणानंतर लहानशी प्रार्थना होते. परंतु एवढ्याने मूल कृतज्ञ होते काय?

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. यंत्रमागावरची पाळी बहुधा बारा तासांची. त्यामुळे सारे घर एका वेळी जेवायला बसेल असे रोज घडत नाही. अशाच वस्तीतील माझ्या वर्गाला मी एकदा विचारले, "तुम्हांला भाकरी कोणी दिली?" "देवाने," सर्वांनी एका सुरात सांगितले. "आणि भाजली कोणी?" "आईने." "मग आई काल केव्हा जेवली?" वर्ग गप्प झाला. एकालाही ते ठाऊक नव्हते.

देवापर्यंत पोचलेली, पण चुलीपाशी न थांबलेली कृतज्ञता अपुरीच होय.

मग करावे काय? आईला 'आभारी आहे' म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. ते परकेपणाचे वाटते. तेव्हा मुलाकडून शब्द घोकून घेण्यापेक्षा त्याला काम द्यावे. चार वर्षांच्या मुलालाही पाण्याचे पेले मांडता येतात, रात्रपाळीहून येणाऱ्या वडिलांची भाकरी झाकून ठेवता येते. सर्वांना वाढून होईपर्यंत त्याने थांबावे. आधी थोडेच घ्यावे, हवे तर पुन्हा मागावे. टाकू मात्र नये. शिवाय रोज एखाद्या पदार्थाची हकीकत सांगावी. ज्वारी पेरल्यापासून कणीस हाती येईपर्यंत साधारण चार महिने जातात. मग खळे, मग गिरणी, मग तवा. थंडीत सुरतेत मिळणारा पोंक म्हणजे कोवळी ज्वारी, आपला हुरडाच, हे कळले की मूल दाण्याकडे निराळ्या नजरेने पाहते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. "लोकांची मुले उपाशी आहेत आणि तू टाकतोस!" असे बोलू नये, त्याने मुलाला केवळ लाज वाटते. त्याऐवजी मोठ्यांनीच "भाजी छान झाली" असे मोकळेपणी म्हणावे. मूल जे ऐकते तेच बोलते.

दुसऱ्या दिवशी वर्गातील एक मुलगी म्हणाली, "बाई, काल आई आमच्याबरोबर जेवली."

श्रोतेहो, आज रात्री पाने मांडाल तेव्हा आईचेही पान मांडा, आणि ते मुलाच्याच हातून मांडवा.