पाणी शिरलेली मशीन लगेच चालू करू नका

जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा व विरार परिसर पाण्याखाली गेला. रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या, अनेक भागांत वीजही गेली. असे पाणी दुकानात शिरले की कारागीर बंधूंचा जीव मशीनमध्ये अडकतो आणि वीज येताच बटण दाबून पाहण्याचा मोह होतो. नेमके तेच करू नये.

मोटारीतील तांब्याच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. ओल व गाळ राहिल्यास वीज मोटारीच्या लोखंडी अंगात उतरते. मोटार जळते, हात लावणाऱ्यास शॉक बसतो.

प्रथम मेन स्विच बंद करावा. तिथवर पाणी असल्यास स्वतः न जाता वायरमनला बोलवावे. नंतर शिलाई मशीनचा पट्टा काढून मोटार वेगळी करावी. शटल, बॉबिन केस काढून पुसावे, मशीनचे तेल सोडून चाक हाताने फिरवावे, म्हणजे गंज धरणार नाही. पायपट्टी असल्यास तोवर पायानेच काम चालवावे.

मोटारीवरील गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन ती दोन-तीन दिवस हवेशीर जागी वाळवावी. आगीजवळ धरू नये. मग वायरमनकडून मेगरने तपासून घ्यावी. रीडिंग १ मेगओहमपेक्षा कमी आल्यास पुन्हा वाळवावी.

दुकानात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी जरूर बसवावा. करंट गळताच तो वीज तोडतो. जीव ही अल्लाहची अमानत आहे, एका ऑर्डरच्या घाईसाठी ती धोक्यात घालू नये.